पशुवैद्यांची वानवा आणि आपला विद्यानिधी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंदिरानगर, बंगळूर येथे झालेल्या सभेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर उभे राहिले की गतकालाचे स्मरण करावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. शहाजीराजांच्या जहागिरीपासून आपल्या गणेशोत्सवापर्यंत आणि नाट्यप्रयोगांपर्यंत बंगळूरच्या मराठी माणसाची कहाणी सांगावी तितकी थोडीच आहे. आणि ती सांगणारे आमच्याहून अधिक अधिकारी वक्ते या सभेत आहेत. आमच्याकडे आलेले काम निराळे आहे. या महोत्सवाचे औचित्य साधून मंडळाने एक कायम विद्यानिधी उभारावयाचे योजिले आहे. त्याचा विनियोग कोणत्या विद्येसाठी आणि कोणत्या रीतीने व्हावा, याविषयी विचार मांडण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली. ती शिरोधार्य मानून आम्ही आपणांपुढे जो विषय ठेवीत आहोत, तो इंदिरानगरात प्रथमदर्शनी काहीसा अनपेक्षित वाटेल. हा निधी पशुवैद्यक शिकणाऱ्या मुलामुलींसाठी असावा, असे आम्हांस वाटते.

आपल्यापैकी कोणी म्हणेल की, पशुवैद्यांची येथे कोठे वाण आहे? शंभर फुटी रस्त्याने वा सी. एम. एच. रस्त्याने फेरफटका मारला तरी कुत्र्या-मांजरांचे सुसज्ज दवाखाने दृष्टीस पडतात. ही गोष्ट खरी आहे, आणि त्याबद्दल आमची तक्रारही नाही. मुक्या जिवाची वेदना शहरातही वेदनाच असते. परंतु रोज पहाटे आपल्या दारात नंदिनीच्या दुधाची जी पिशवी येऊन पडते, तिचा उगम जेथे आहे, त्या गावांत एखादी गाय रात्री अडली तर तिच्यापाशी किती वेळात डॉक्टर पोहोचतो, हा खरा प्रश्न आहे. वानवा आहे ती तेथे.

पशुवैद्याच्या वेळेवर येण्याने काय घडते, हे एका उदाहरणाने सांगतो. भरपूर दूध देणारी गाय व्याली की एक-दोन दिवसांत तिच्या रक्तातील कॅल्शियम एकाएकी उतरते. या विकारास दुग्धज्वर म्हणतात. मात्र नाव ज्वर असले तरी जनावराचे अंग गार पडत जाते. गाय बसते, मान कुशीकडे वळवून पडून राहते, आणि उपचार न झाल्यास बहुधा काही तासांत दगावते. अशा वेळी जाणत्या पशुवैद्याने शिरेतून कॅल्शियमचे द्रावण सावकाश, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून दिले, तर पुष्कळदा तीच गाय थोड्याच वेळात उठून उभी राहते. औषधाची किंमत फार नसते. किंमत असते ती ज्ञानाची आणि वेळेची. तेच द्रावण अडाण्याने घाईने टोचले तर हृदय बंद पडून गाय जागच्या जागी मरते. दोन गाईंवर ज्याचा संसार चालतो त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने एक गाय जाणे म्हणजे निम्मी मिळकत बुडणे होय. आणि ती गाय कर्ज काढून घेतलेली असेल तर गाय गेल्यावरही हप्ते राहतातच.

आता थोडे आकड्यांकडे वळू. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली दर पाच हजार मोठ्या जनावरांमागे एक पशुवैद्य असावा, असे प्रमाण सांगितले. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात गाई-म्हशींचीच संख्या सुमारे ३० कोटी भरते. म्हणजे केवळ त्यांच्यासाठी ६० हजार पशुवैद्य प्रत्यक्ष उपचाराच्या कामावर हवेत. शेळ्या, मेंढ्या, डुकरे, कोंबड्या यांचा हिशेब निराळाच. एकट्या महाराष्ट्रात त्या गणनेत सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन मोजले गेले. तेथील दवाखान्यांची रचना आपल्यापैकी गावाकडील मंडळींस ठाऊक असेल. श्रेणी एकच्या दवाखान्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतो. श्रेणी दोनच्या दवाखान्याचा भार पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षकावर असे, आणि संख्येने दुसऱ्या प्रकारचेच दवाखाने पुष्कळ काळ अधिक होते. पर्यवेक्षक मंडळी कष्टाळू आहेत, त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. परंतु १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने उपचाराचा पूर्ण अधिकार नोंदणीकृत पदवीधरास दिला आहे, आणि शस्त्रक्रियेची वेळ आली की त्याच्यावाचून निभाव लागत नाही.

२०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ आली, तेव्हा ही उणीव उघडी पडली. गुजरात-राजस्थानात हाहाकार उडवून ती महाराष्ट्रात शिरली. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचून साथ आवरावी लागली, आणि मनुष्यबळ अपुरे पडल्याने पशुवैद्यक महाविद्यालयांतील आंतरवासिता विद्यार्थ्यांनाही गोठ्यागोठ्यांतून फिरविण्यात आले. दगावलेल्या दुभत्या गाईमागे शासनाने ३० हजार रुपये साहाय्य दिले. ते योग्यच झाले. तथापि गाय मेल्यावर दिलेल्या रकमेतील थोडा अंश गाय वाचविणारा माणूस घडविण्यावर अगोदर खर्च झाला असता तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

या विद्येशी आपले नाते जुने आहे. मुंबईच्या परळ भागात १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. १८८९ साली जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी शाही प्रयोगशाळा प्रथम पुण्यात निघाली आणि चार वर्षांनी हिमालयात मुक्तेश्वरला गेली; आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. गुरांचे कळपच्या कळप नाहीसे करणारी बुळकांडी या देशातून गेली, ती अशा प्रयोगशाळांतील लशी खेड्यांपर्यंत पोहोचविणाऱ्या पशुवैद्यांमुळे. २००६ साली भारत त्या रोगापासून मुक्त असल्याचे आंतरराष्ट्रीय मान्यतेने ठरले आणि २०११ साली साऱ्या जगातून त्याचे उच्चाटन झाल्याची घोषणा झाली. देवीनंतर मनुष्याने पृथ्वीवरून नाहीसा केलेला हा दुसराच रोग.

आणि आपले हे बंगळूर? येथून जवळच अडुगोडी येथे १९२३ साली पशुसंवर्धन व दुग्धव्यवसायाची शाही संस्था स्थापन झाली. १९२७ साली महात्मा गांधी प्रकृतीच्या कारणाने या शहरी राहिले असता त्या संस्थेत जाऊन गोपालनाचे धडे घेत होते. हेब्बाळ येथे १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. त्याच वर्षी नागपूरला महाविद्यालय निघाले. पुढे १९७२ साली परभणी, १९८७ साली उदगीर आणि १९८८ साली शिरवळ येथे अशीच महाविद्यालये उभी राहिली. तेव्हा हा विषय आपल्या अंगणाबाहेरचा आहे, असे कोणी म्हणू नये.

महाविद्यालये आहेत, विद्यार्थीही हुशार आहेत. मग खेड्यात डॉक्टर का पोहोचत नाही? त्याचे एक कारण शासनाच्या रिक्त पदांत आहे, आणि ते दूर करणे आपल्या हाती नाही. दुसरे कारण विद्यार्थ्याच्या खिशात आहे, आणि तेथे आपला हात पोहोचू शकतो. पशुवैद्यकाचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा: साडेचार वर्षे अध्ययन आणि एक वर्ष आंतरवासिता. शासकीय महाविद्यालयांत शिक्षणशुल्क फार नसले तरी राहणे, खाणे, पुस्तके, उपकरणे आणि प्रवास यांना पैसा लागतोच. उदाहरणादाखल महिना ५ हजार रुपये धरले तरी साडेपाच वर्षांचे ३ लाख ३० हजार होतात. शेतमजुराच्या वा अल्पभूधारकाच्या घरी ही रक्कम कोठून यावी? त्याच्या बरोबरीचा अभियंता चार वर्षांत कमावता होतो, आणि हा अद्याप घरून पैसे मागवीत असतो.

तेव्हा कर्ज काढले जाते. कर्ज वाईट असे आम्ही म्हणत नाही. त्यावाचून कित्येकांना शिक्षणाचे दारच उघडले नसते. परंतु कर्जाचा एक परिणाम सहसा विचारात घेतला जात नाही. पदवी हातात पडली की पहिला हप्ता दारात उभा राहतो, आणि तो तरुण कोठे जाईल हे पुष्कळदा तो हप्ताच ठरवितो. ४ लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडावयाचे तर महिना सुमारे ५,३०० रुपयांचा हप्ता बसतो. खेड्यात स्वतंत्र व्यवसाय मांडणाऱ्या नवख्या डॉक्टरला पहिली दोन-तीन वर्षे कठीण जातात. शेतकरी फी देतो ती सुगीनंतर, तीही कधी धान्याच्या रूपाने. मोटारसायकल हवी, औषधे थंड ठेवण्यास शीतपेटी हवी. त्यात हा हप्ता भरावयाचा कोठून? मग तो औषध कंपनीत जातो, बँकेच्या परीक्षेस बसतो, नाहीतर आपल्या इंदिरानगरासारख्या वस्तीत श्वानांचा दवाखाना थाटतो. त्यास दोष देणे अन्यायाचे होईल.

मदतीचे जे मार्ग आज आहेत, ते आम्ही पाहिले. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शुल्क-शिष्यवृत्ती आहे, डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाहभत्ता आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी स्वतंत्र शिष्यवृत्त्या आहेत. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांतील विद्यार्थ्यांस तारणाविना कर्ज मिळते, आणि वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांस १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत आहे. हे सर्व स्वागतार्ह होय. परंतु या योजना विद्यार्थ्यास महाविद्यालयाच्या दारापासून पदवीदान समारंभापर्यंत नेतात. तेथून गावाच्या दवाखान्यापर्यंतची वाट त्यास एकट्यानेच चालावी लागते.

या वाटेचा विचार अन्यत्र झाला आहे. अमेरिकेतही ग्रामीण भागांत पशुवैद्यांची चणचण आहे आणि तेथील विद्यार्थ्यांच्या डोक्यावरील कर्ज तर आपल्या कल्पनेपलीकडचे असते. त्या देशाने २००३ साली कायदा करून अशी योजना आखली की, शासनाने टंचाईग्रस्त म्हणून घोषित केलेल्या भागात जो पशुवैद्य तीन वर्षे सेवा करील त्याचे शिक्षणकर्ज शासन फेडील. २०१० साली पहिले साहाय्य दिले गेले, आणि प्रारंभी त्याची मर्यादा वर्षास २५ हजार डॉलर होती. येथे मदत प्रवेशाच्या वेळी न देता सेवेच्या काळात दिली जाते, हे ध्यानात घ्यावे. अठराव्या वर्षी मुलाकडून वचन लिहून घेण्यापेक्षा, तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी जो स्वखुशीने खेड्यात उभा राहिला आहे त्याच्या खांद्यावरील ओझे उचलणे अधिक न्याय्य आणि अधिक फलदायी, असे आम्हांस वाटते.

वचन लिहून घेण्याची पद्धत आपणांस अपरिचित नाही. तिचे सर्वांत थोर आणि सर्वांत क्लेशदायक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९१३ साली महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव आंबेडकर या तरुणास कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी, असा करार झाला. तो पाळण्यासाठी डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोद्यास गेले. पैसा दिला गेला होता, विद्या संपादन झाली होती, करारही होता. परंतु जगातील एका श्रेष्ठ विद्यापीठाच्या त्या विद्वानास अस्पृश्य म्हणून त्या शहरात राहावयास खोली मिळाली नाही, आणि त्यांना बडोदे सोडावे लागले. त्या अपमानाची बरोबरी आम्ही कशाशीही करीत नाही; तसे करणे पाप होईल. तथापि शिष्यवृत्ती देणाऱ्या प्रत्येकाने त्यातून एक गोष्ट शिकली पाहिजे. विद्या दिल्याने दात्याचे कर्तव्य पुरे होत नाही. त्या विद्यावंतास जेथे बोलावयाचे तेथे त्याला मानाने राहता येईल, हेही पाहावे लागते.

आज पशुवैद्यकाच्या वर्गांतून मुलींची संख्या वाढती आहे. उद्या एखादी पशुवैद्य कन्या तालुक्याच्या गावी जाईल तेव्हा तिला सुरक्षित निवास लागेल, रात्री गोठ्यावर जावयाचे तर सोबत लागेल. आणि मागास मानलेल्या वस्तीतून आलेल्या डॉक्टरास गावात घर भाड्याने मिळते की नाही, हा प्रश्न शंभर वर्षांनंतरही सर्वत्र मिटला आहे, असे छातीठोकपणे म्हणवत नाही.

या सर्व विचारांती आमची सूचना अशी आहे. विद्यानिधीच्या व्याजातून दरवर्षी एका नवपदवीधर पशुवैद्याची निवड करावी. त्याने वा तिने टंचाई असलेल्या ग्रामीण भागात तीन वर्षे व्यवसाय किंवा नोकरी करावी, आणि त्या तीन वर्षांचे शिक्षणकर्जाचे हप्ते मंडळाने थेट बँकेत भरावेत. वर सांगितलेल्या हप्त्याच्या हिशेबाने एका डॉक्टरामागे तीन वर्षांत सुमारे १ लाख ९० हजार रुपये लागतील. तिसऱ्या वर्षापासून एका वेळी तिघे जण योजनेत असतील, म्हणजे वार्षिक खर्चही तेवढाच राहील. सात टक्के व्याज धरले तर त्यासाठी सुमारे २७ लाखांचा कायम निधी पुरतो. ही रक्कम या नगरातील पन्नास वर्षांच्या संस्थेच्या आवाक्याबाहेरची आहे, असे आम्हांस वाटत नाही.

क्षेत्र कोणते असावे? आमच्या मते सीमेलगतचे तालुके: बेळगाव, निपाणी आणि अथणीचा भाग, बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण, आणि पलीकडे उदगीर, देवणी, निलंगा. येथे मराठी आणि कन्नड एकाच बाजारात बोलल्या जातात. देवणी गाय लातूर-नांदेडातही आहे आणि बीदरातही आहे. राज्यपुनर्रचनेने तिच्या चरण्याच्या वाटा बदलल्या नाहीत. महाराष्ट्राच्या खिलार बैलाचे मूळही म्हैसूरच्या अमृतमहाल आणि हळ्ळीकार गुरांत असल्याचे मानले जाते. तेव्हा निवड करताना उमेदवाराची मातृभाषा कोणती हे पाहू नये. मात्र त्यास मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत शेतकऱ्याशी बोलता यावे, एवढी अट असावी. कर्नाटकाच्या अन्नावर वाढलेल्या मंडळास हे शोभेल.

याखेरीज दोन लहान गोष्टी. ज्या गावी डॉक्टर जाईल तेथील दूध संस्था अथवा ग्रामपंचायत निवासाची हमी देत असेल तरच ते गाव निवडावे. आणि मध्येच काही अडचणीने त्याला गाव सोडावे लागले तर पुढील हप्ते थांबावेत. दिलेले परत मागू नये, दंड करू नये. भीतीने बांधलेला डॉक्टर गोठ्यात उभा राहील, पण त्याचे मन तेथे राहणार नाही.

आमच्या या सूचनेवर आक्षेप येतील. हे काम सरकारचे आहे, असे कोणी म्हणेल. होय, ते सरकारचे आहेच; परंतु शिक्षणाच्या बाबतीत आपल्या समाजाने सरकारची वाट पाहिली नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहांची चळवळ उभी केली, तिला निरनिराळ्या समाजांनी आपापल्या वर्गण्यांनी बळ दिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, ती गावोगावच्या धान्याच्या मुठींवर वाढली. आणखी कोणी विचारील की, वर्षाला एका डॉक्टराने काय होणार? देशाची गरज भागणार नाही, हे उघड आहे. परंतु एका तालुक्यात एक जाणता पशुवैद्य तीन वर्षे टिकला तर तोवर त्याचा व्यवसाय बसतो, शेतकऱ्यांचा विश्वास बसतो, आणि चौथ्या वर्षी तो आपण होऊन तेथेच राहण्याचा संभव वाढतो. पहिली तीन वर्षेच काय ती निसरडी असतात. तेवढीच आपण सांभाळावयाची आहेत.

सभ्य स्त्री-पुरुषहो, पन्नास वर्षांपूर्वी इंदिरानगर नुकते आकारास येत असता दूरदेशी नोकरीसाठी आलेल्या काही कुटुंबांनी हे मंडळ स्थापिले. त्यांपैकी कितीतरी जण वारावर जेवून वा कोणाच्या तरी शिष्यवृत्तीवर शिकले होते. ते ऋण त्या दात्यांस परत करणे आता शक्य नाही. ते पुढच्या पिढीस द्यावयाचे असते. विद्यानिधीच्या या ठरावास आपण संमती द्यावी आणि वर्गणीच्या पुस्तकात यथाशक्ति आकडा घालावा, एवढीच आमची विनंती आहे. निधीची पहिली निवड येत्या वर्षीच व्हावी, अशी आमची इच्छा आहे.